भरती सवादोनला

दिल्लीत उन्हाळा कधी लागला हे कुणालाही कळतं. रजया पेटीत गेल्या, कूलर गच्चीवरून उतरवून धुवायला काढला की लागला. आमच्या घरात मात्र तो भाऊसाहेब जाहीर करतात, आणि तोही दिल्लीचा नाही, कोकणातला. होळी होऊन दहा-बारा दिवस झाले की एके सकाळी ते दिल्लीच्याच द्वारका भागातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर जातात, बोट तोंडात घालून ओलं करतात, हवेत धरतात आणि खाली येऊन मला सांगतात, "वहिनी, वारा फिरला. आज गावाला वाळूत पहिली मासळी सुकत पडली असणार."

गावचा समुद्र इथून आगगाडीने दीड दिवसावर. वारा कसला फिरतोय? समोर बिल्डिंग बांधताहेत, तिची धूळ आधी डावीकडून यायची ती आता उजवीकडून येते, एवढंच.

भाऊसाहेब माझे धाकटे दीर. वय सत्तर. सरकारी ऑफिसात फायली या टेबलावरून त्या टेबलावर करत निवृत्त झाले. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, त्यांचं तिसऱ्या, त्यामुळे सुटका नाही. चारचौघांत मी त्यांना अहो-जाहो करते, चिडले की अरे-तुरेवर येते. कारण तेरा वर्षांचा असताना सासूबाईंनी त्याला वेंगुर्ल्याच्या बाजूच्या आमच्या गावाहून शिकायला आमच्याकडे पाठवला, तेव्हा माझं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. नवरा समजायच्या आधी दीर वाढवायला घेतला मी. त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात. असल्या माणसाला सारखं अहो म्हणवत नाही.

पहाडगंजच्या मराठी शाळेत त्याचं नाव घातलं. तिथे भूगोलाचे मास्तर खारे वारे आणि मतलई वारे शिकवत होते. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे, रात्री जमिनीकडून जातात ते मतलई. पोरांना सगळं पाठ, पण समुद्र पाहिलेलं वर्गात एक नाही. मास्तरांनी विचारलं, "कुणी पाहिलाय का रे?" हा उभा राहिला. मास्तरांनी फळ्यापाशी बोलावून अर्धा तास बोलायला लावलं. नवीन पोर, कुणी ओळखत नाही, हिंदी येत नाही म्हणून गल्लीतली मुलं हसायची. त्या अर्ध्या तासात तो वर्गाचा राजा झाला. घरी आला तो उड्या मारतच.

"वहिनी, मी सांगितलं, मी आमची खाडी पोहून पार केली."

"केलीस का रे?"

"आज भाजी कसली आहे?" म्हणाला.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी एकोणीस वर्षांची, स्टोव्ह भडकत होता, भाजी करपत होती. त्या दिवशी हा मुलगा जो समुद्रात शिरला तो पुढे सत्तावन्न वर्षं बाहेर आलाच नाही. ऑफिसात तेच, मराठी मंडळात तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. माशांची नावं, वाऱ्यांची नावं, होडीच्या भागांची नावं. तेरा वर्षांची शिदोरी, पण माणसाने पुरवून पुरवून खाल्ली.

आणि भरती. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. तृतीयेला सवादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. गावचं शेंबडं पोरही करतं. भाऊसाहेब ते दिल्लीत करतात. आधी दाराशेजारी पाटीवर खडूने लिहायचे, आता फोन आहे. मंडळातल्या दहा-बारा कोकणी माणसांचा त्यांनी ग्रुप केलाय. एक नोएडाला, एक फरिदाबादला, एक पार सोनीपतला. रोज सकाळी सात वाजता सगळ्यांना निरोप जातो, "आज भरती अमुक वाजता." मग ते सगळे अंगठे दाखवतात. सोनीपतच्या माणसाने भरतीची वेळ कळून काय करायचं असतं, हे मी विचारायचं सोडून दिलं.

आता सुमित्रा. माझी धाकटी जाऊ. माहेर वर्ध्याचं. मुलगी बघायला आम्ही गेलो तेव्हा पोहे गार होईपर्यंत भाऊसाहेबांनी समुद्र सांगितला. सुमित्रा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "खरंच एवढं पाणी असतं का हो ताई?"

मी म्हटलं, "असतं. पण पिता येत नाही."

"बघता तर येतं ना?"

भाऊसाहेबांनी तिला शब्द दिला, लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात नेतो. झाली त्याला बेचाळीस वर्षं. पहिल्या वर्षी ऑफिसात बजेट. मग जयदीप पोटात. मग जयदीपची शाळा, जयदीपची बारावी, जयदीपचं लग्न. एका वर्षी सगळं मोकळं होतं, तर म्हणाले, "यंदा वारा बरोबर नाही." दिल्लीत बसून! गावाला कुणी वारलं की एकटे जायचे आणि तिसऱ्या दिवशी परत. "सुतकात कसला समुद्र दाखवू हिला?" हे कारण. दर उन्हाळ्यात सुमित्रा बॅग काढायची, पुसायची, ठेवून द्यायची. सोलकढी करायला ती माझ्याकडून शिकली, आणि माझ्याहून चांगली करते. रापण म्हणजे काय, लांब जाळं किनाऱ्यावरून माणसं कशी ओढतात, हे ती लोकांना हातवारे करून सांगते. पण बाईने समुद्राचा थेंब पाहिलेला नाही.

या संक्रांतीला तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी चौसष्टची झाले. गुडघे अजून माझे आहेत. या उन्हाळ्यात समुद्र बघितला नाही तर मी एकटी जाईन. वर्ध्याला सांगून जाईन की नवरा आला नाही म्हणून."

वर्ध्याचं नाव काढल्यावर भाऊसाहेब घाबरले. जयदीप, त्यांचा मुलगा, गुरुग्रामला असतो. त्याने साठ दिवस आधी फोनवरून तिकिटं काढली. आम्हा तिघांची, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली, संध्याकाळची गाडी. मला का घेतलं? सुमित्रा म्हणाली, "ताई, तुम्ही असलात की यांना पळता येणार नाही."

तिकिटं झाली, आणि भाऊसाहेब दोन महिने हवेत. काय दाखवीन आणि काय नाही! ओले काजू सोलताना हाताला चीक कसा लागतो, रातांब्याची, म्हणजे कोकमाची, सोलं कशी वाळत घालतात, आणि सुमित्रा, तू बघच, सकाळच्या उन्हात पाणी कसं दिसतं. ऐकून ऐकून माझ्याच तोंडाला खारट चव आली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी गावाहून तात्यारावांचा फोन आला. तात्याराव म्हणजे भाऊसाहेबांचे चुलतभाऊ, तिथेच राहिलेले, दोन होड्या आहेत. भाऊसाहेबांनी आम्हाला ऐकू यावं म्हणून फोन मोठा केला.

"भावशा, ये रे ये!" तात्याराव ओरडले. "वयनीक होडयेत घालून मधी घेवन जावया. तू पण वल्ह्यार बस. बघूया दिल्लीवाल्याक काय आठवता ता!"

सुमित्राने टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेब "हो हो" म्हणाले, फोन ठेवला आणि उठून गॅसचं सिलिंडर बंद आहे का बघून आले. पाच मिनिटांनी परत बघून आले. मला वाटलं, आनंदाने माणूस बावचळलाय.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे निघायच्या दिवशी, सुमित्राला करोल बागेत जायचं होतं. मेट्रोने गेलो. तिला वाळूत चालायच्या चपला हव्या होत्या आणि एक सलवार-कमीज. आयुष्यात तिने साडीशिवाय काही नेसलं नाही. दुकानदाराने विचारलं, "बहू के लिए, आंटीजी?"

"मेरे लिए," सुमित्रा म्हणाली. "समुंदर में पहनना है."

"अच्छा! गोवा जा रहे हो?"

"गोवा के थोड़ा ऊपर."

तिने निळा निवडला, अंगाला लावून बघितला, पुन्हा लावून बघितला. एवढी खूश मी तिला जयदीपच्या लग्नातही बघितली नव्हती.

दीड वाजता आम्ही परत आलो तर इमारतीच्या फाटकात अ‍ॅम्ब्युलन्स.

मी वॉचमनला विचारलं, "कौन?" तो माझ्याकडे बघून टोपी काढायला लागला. सुमित्राने हातातली पिशवी छातीशी आवळली. लिफ्ट वर अडकलेली. दोघी जिन्याने तीन मजले चढलो. माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी जे केलं ते देवाने लिहून ठेवलं असेल.

भाऊसाहेबांच्या घरात पंधरा माणसं. भाऊसाहेब पलंगावर आडवे, डोळे मिटलेले, छातीवर ओला टॉवेल. उशाला दोन शहाळी आणि तीन प्रकारची फळं. दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा. सोसायटीचे अध्यक्ष ग्रोव्हरजी वर्तमानपत्राने वारा घालताहेत आणि अ‍ॅम्ब्युलन्सबरोबर आलेला माणूस पुन्हा पुन्हा सांगतोय, "बीपी तो नॉर्मल है जी."

ग्रोव्हरजींनी मला बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "माताजी, आपने बताया क्यों नहीं? भाऊसाहब ने खुद ग्रुप में लिखा, तब पता चला. इतनी बड़ी बात, और शाम की गाड़ी का इंतज़ार? मैंने कहा, अभी चाहिए गाड़ी, अभी!"

त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. भाऊसाहेबांनी सकाळी कोकणी ग्रुपचा निरोप आणि सोसायटीच्या लोकांसाठीचा निरोप एकातच लिहून सगळीकडे पाठवला होता. मराठीत. मी अक्षर लावून लावून वाचलं.

"आज भरती सवादोनला. सुमित्रा बरोबर आहे. गाडी संध्याकाळी. दूध पंधरा दिवस बंद."

कपाळावर हात मारून घेतला मी. आपल्याकडे भरती म्हणजे समुद्राला पाणी चढतं ती. हिंदीत भर्ती म्हणजे हॉस्पिटलात दाखल करतात ती. वद्य तृतीया होती, तृतीयेची पाऊणपट सवादोन, आणि या बिचाऱ्या लोकांनी वाचलं की भाऊसाहेब सवादोनला हॉस्पिटलात भर्ती होणार, बायको सोबत आहे, गाडी संध्याकाळी येणार आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस दूध तोडलंय.

"ग्रोव्हरजी," मी म्हटलं, "भरती मतलब अस्पताल नहीं. भरती मतलब पानी ऊपर आता है."

ग्रोव्हरजी पांढरे पडले. "पानी ऊपर? फेफड़ों में?"

"समुंदर में, ग्रोव्हरजी! समुंदर में!"

"समुंदर में भर्ती हैं?" मागून कुणीतरी बाई म्हणाली.

अर्धा तास गेला समजावण्यात. मी सांगत होते तेवढा वेळ माझं लक्ष पलंगाकडे होतं. शाळेत परीक्षेच्या दिवशी ताप आल्याचं सोंग घ्यायचा तेव्हा याच्या उजव्या पायाचा अंगठा आत वळायचा. पांघरुणाबाहेर पाय होता. अंगठा वळलेला.

तेवढ्यात जयदीप धावत आला, गळ्यात ऑफिसचं कार्ड, घामाघूम. "काकू, बाबा ठीक आहेत ना? मी सगळं सोडून निघालो. तिकिटं पण कॅन्सल केली, चार्ट बनायच्या आधीच केली, डोन्ट वरी."

सुमित्रा दारात उभी होती. पिशवीतून सलवार-कमीज काढली, घडी होती तिच्यावर अजून एक घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली.

मी जयदीपवर तुटून पडले. "विचारायचं तरी होतंस रे मेल्या! फोन होता ना हातात?"

"विचारलं ना काकू!" तो रडकुंडीला आला. "ग्रोव्हर अंकलना म्हटलं, बाबांना विचारा, कॅन्सल करू का? त्यांनी विचारलं. बाबांनी मान हलवली."

ग्रोव्हरजी वारा घालायचे थांबले. मी सगळ्यांना बाहेर काढलं, शहाळ्यांसकट. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला चहा पाजायचं काम ग्रोव्हरजींकडे दिलं. दार लावलं.

"ऊठ."

एक डोळा उघडला. "गेले?"

"ऊठ म्हणते ना!"

भाऊसाहेब उठून बसले. टॉवेल मांडीवर पडला. "वहिनी, मी काही बोललो नाही हो. तेच आले. ग्रोव्हरने नाडी धरली आणि म्हणाला, आप ठंडे पड़ रहे हो, लेट जाओ. मी लेटलो."

"लेटलास?"

"एवढ्या प्रेमाने सांगत होता."

"आणि मान? मान कुणाच्या प्रेमाने हलवलीस?"

पट्ट्याची रबरी नळी बोटाला गुंडाळत बसला. सत्तर वर्षांचा माणूस, दोन नातवंडांचा आजोबा. मला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या आणि ते मी करूही शकले असते, पण सुमित्रा पुढे आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"मला न्यायचं नव्हतं तर संक्रांतीलाच सांगायचं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "मी दोन महिने एकेक दिवस मोजला."

"न्यायचं होतं गं."

"मग?"

तो माझ्याकडे बघून बोलला, तिच्याकडे बघून बोलायची हिंमत नव्हती. "वहिनी, तात्या होडीत बसवणार. सगळा गाव किनाऱ्यावर. मी आठ वर्षांचा असताना बाबांनी मला होडीत बसवलं होतं, तर मी असा ओरडलो की होडी परत आणावी लागली. त्यानंतर मी घोट्याच्या वर पाण्यात गेलो नाही. मला पोहता येत नाही. मला पाण्याची भीती वाटते. खाडीबिडी काही पार केली नाही मी. सगळे तिथे हसतील आणि हिला कळेल."

मी डोकं धरून खाली बसले. सत्तावन्न वर्षं! सत्तावन्न वर्षं या माणसाने मला वाऱ्यांची नावं पाठ करायला लावली!

सुमित्रा म्हणाली, "मला लग्नानंतरच्या तिसऱ्या महिन्यात कळलंय."

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"हरिद्वारला गेलो होतो. हर की पौडीला सगळे डुबक्या मारत होते. तुम्ही एका हाताने साखळी धरलीत, दुसऱ्या हाताने माझा पदर, आणि तिसऱ्या पायरीवर बसून म्हणालात, लोट्याने घाल माझ्या डोक्यावर. समुद्र पोहणारा माणूस लोट्याने आंघोळ करतो होय?"

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"कारण तुम्ही सांगत होता ते ऐकायला बरं वाटायचं. वर्ध्यात मला एवढं लांबलांबचं कुणी कधी सांगितलं नव्हतं." तिने त्याच्या मांडीवरचा टॉवेल उचलला. "पण आता ऐकून पुरे झालं. मला तुमचं पोहणं बघायचं नाही. मला समुद्र बघायचाय. माझी तिकिटं काढा."

आणि उठून स्वयंपाकघरात गेली. आतून भांडी वाजायला लागली. बेचाळीस वर्षांत तिची भांडी मी एवढी वाजलेली ऐकली नव्हती.

मी बाहेर आले तर चौदा माणसं जिन्यात उभी. सगळ्यांनी ऐकलं होतं, कळलं कितपत ते देव जाणे. पण तिकिटं गेली एवढं ग्रोव्हरजींना कळलं होतं, आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटत होती. "माताजी, कल सुबह तत्काल खुलेगा. मैं देखता हूँ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाच मिनिटं असताना ग्रोव्हरजींच्या बैठकीत अख्खी सोसायटी. ग्रोव्हरजी, त्यांचा मुलगा, सून, तळमजल्यावरचे डॉक्टर, जयदीप रजा काढून. प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येकाचं बोट टेकायला तयार. मला म्हणाले, "माताजी, आप भगवान का नाम लो." मी म्हटलं, भगवानाला दुसरी कामं आहेत. दहा वाजले, सगळे एकदम भिडले. कुणाचं चाक फिरत राहिलं, कुणाला फोनने बाहेर काढलं. ग्रोव्हरजींच्या सुनेने आरोळी ठोकली, "हो गया!" तीन जागा. सुमित्रा आणि मी एका डब्यात, भाऊसाहेब तीन डबे पलीकडे, संडासाशेजारच्या वरच्या बर्थवर.

"बरोबर मिळालंय," सुमित्रा म्हणाली.

गाडीत भाऊसाहेब दर स्टेशनाला उतरून आमच्या खिडकीशी येत. पाणी हवंय का, चहा हवाय का. सुमित्रा खिडकीबाहेर बघायची. रत्नागिरीच्या पुढे बोगदे संपता संपता ते आमच्या डब्यात आले आणि उभे राहून म्हणाले, "आता उजव्या बाजूला..." मी एवढे डोळे मोठे केले की ते परत गेले.

गावी पोहोचलो त्या दिवशी सकाळचे नऊ वाजले असतील. उन्हाळा तिथे आमच्याआधी आठवडाभर येऊन बसला होता. रस्त्याच्या कडेला काजूच्या बोंडांचा आंबूस वास, अंगणाअंगणात सोललेले काजू, रातांब्याची पहिली पाटी कुणाच्या तरी ओट्यावर. घामाने ब्लाऊज पाठीला चिकटला. दिल्लीचं ऊन भाजतं, हे उकडतं. तात्यारावांनी चहा दिला तो सुमित्राने उभ्यानेच घेतला आणि निळी सलवार-कमीज घालून बाहेर आली.

"चला," म्हणाली. मला. त्यांना नाही.

किनाऱ्यावर बायका वाळूत जाळ्या अंथरून मासळी पसरत होत्या. वास असा की दिल्लीची माणसं पुन्हा अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतील. नारळाच्या झावळ्यांच्या आडून आम्ही बाहेर आलो आणि सुमित्रा थांबली.

मी तिच्याकडे बघत होते. ती समोर बघत उभी. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ऊन डोक्यावर. माझे पाय भाजत होते. मी म्हटलं, "काय गं? बरं वाटतंय ना?"

"आवाज येतो याला," ती म्हणाली. "यांनी आवाजाचं कधी सांगितलं नाही."

मागून तात्याराव आणि भाऊसाहेब आले. किनाऱ्यावर गावातली सात-आठ माणसं होती, दिल्लीवाला बघायला जमलेली. तात्यारावांनी होडीच्या काठावर थाप मारली. "चल भावशा, बस!"

भाऊसाहेबांनी एकदा सुमित्राच्या पाठीकडे बघितलं, मग घसा खाकरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तात्या, मी नाही बसत. मला पोहता येत नाही. भीती वाटते."

मी डोळे मिटून घेतले. आता हसणार सगळे.

तात्याराव म्हणाले, "मगे काय झाला? माका तरी खंय येता?"

"काय?"

"पोवूक. आमच्यातल्या निम्म्या लोकांक येणा नाय रे. पोवूक जाणत नाय म्हणान तर होडी व्हयी. बस तू थंय सावलेत, वयनीक आमी नेतो."

मी सांगते, त्या क्षणी मला भाऊसाहेबांची कीव यायला हवी होती. आली नाही. या एका वाक्यासाठी बेचाळीस उन्हाळे! एक पत्र टाकलं असतं तात्याला तरी कळलं असतं!

सुमित्रा मात्र होडीत बसली नाही. "आज नको," म्हणाली, "आधी ओळख होऊ दे." आणि चपला काढून चालायला लागली. घोट्यापर्यंत गेली. मग पोटऱ्यांपर्यंत. एक लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली तशी ती किंचाळली आणि मग हसायला लागली, अशी की मासळी पसरणाऱ्या बायका वर बघायला लागल्या.

"सुमित्रा! आडवी उभी राहा! लाटेकडे तोंड करू नको! पुढे खड्डा असतो!" भाऊसाहेब कोरड्या वाळूतून ओरडत होते.

"तुम्ही गप्प बसा!" ती पाण्यातून ओरडली. "माझ्या समुद्रात मला शिकवू नका!"

थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर काहीतरी जड पडलं. भाऊसाहेबांचा हात. माझ्या खांद्याला धरून हा माणूस ओल्या वाळूत उतरत होता. पहिल्या पाण्याने बोटं भिजली तसा त्याने मला एवढं घट्ट धरलं की मीच पडले असते. शहात्तर वर्षांची बाई मी, माझे गुडघे, माझं ऊन, आणि हा माझ्या आधाराने समुद्रात.

"सोड रे, मोडेल खांदा!"

"एक मिनिट, वहिनी. एकच मिनिट."

एक मिनिट कसलं, पाऊण तास उभा होता. घोट्यापर्यंत. सुमित्रा चार पावलांवर, गुडघ्यापर्यंत. एकदा तिने हात पुढे केला, त्याने नको म्हणून मान हलवली. तिने हात तसाच ठेवला. शेवटी त्याने एक बोट धरलं, आणि माझा खांदा काही सोडला नाही.

जेवायला तात्यारावांकडून तीनदा बोलावणं आलं. सुमित्रा निघेना. शेवटी मीच तिला ओढून काढली. परत येताना ती म्हणाली, "उद्या मी सूर्य उगवायच्या आधी येणार. कुणाला यायचं असेल त्याने यावं, नाहीतर ओट्यावर बसून लोकांना समुद्र सांगावा."

भाऊसाहेब मुकाट्याने तिच्या मागून चालत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोंबडं आरवायच्या आत माझ्या पायाला कुणीतरी हलवलं. डोळे उघडले तर दोघंही माझ्या उशाशी उभे. तिने चपला हातात धरलेल्या, त्याने विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"ताई, चला ना. हे म्हणतात तुमच्या खांद्याशिवाय जमत नाही."

मी म्हटलं, "मेल्या, बायको आहे, बायकोचा खांदा धर! मला झोपू दे!" आणि चादर डोक्यावर ओढून घेतली. दाराची कडी वाजली. थोडा वेळ दोघांची कुजबुज किनाऱ्याच्या वाटेवरून ऐकू आली, मग तीही नाही.